खिशातलं मोजणीयंत्र

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी जिवाणूंच्या वसाहती मोजते. एका बशीत दोन-अडीचशे ठिपके असतात. चूक होऊ नये म्हणून मुठीत मावेल असं यंत्र असतं. बटण दाबलं की टक्, आकडा एकाने पुढे.

ते मी घरी आणलं. मला बाबांवर खेकसायची सवय मोडायची होती, आणि सवय मोडायची तर आधी ती मोजायची, हे मी शिकले होते. खेकसले की खिशात हात, टक्. पहिल्या आठवड्याची सरासरी रोज अकरा. खेकसण्याआधी काय घडलं, तेही वहीत लिहायचे. बहुतेकदा बाबांचा प्रश्न असायचा. "डबा काढलास का?" "छत्री कुठे विसरलीस?" आणि मी चपला काढते न काढते तोच, "काय शास्त्रज्ञबाई, आज पाण्यात काय सापडलं?"

"पाणीच सापडलं!" टक्.

चौथ्या आठवड्यात सरासरी दोनवर आली. रविवारी तर शून्य. बाबा शिंपी, शिलाई मशीनवर माझ्याच पांढऱ्या कोटाची बाही आखूड करत होते. मला राहवेना.

"बाबा, आज शून्य!"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "होणारच. सकाळपासून तोंडाला कुलूप लावलंय."

"तुम्ही?"

"मग कोण? टक् वाजलं की समजायचं, म्हातारा परत बोलला. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा वेळा वाजायचं. लाज वाटली गं. एवढा पिडतो मी तुला?"

मी वही उघडली. 'आधी काय घडलं' या रकान्यातले बाबांचे प्रश्न दुसऱ्या आठवड्यापासूनच कमी होत गेले होते. मी फक्त आकडे खाली येताना पाहत होते.

"मी माझं खेकसणं मोजत होते, बाबा. सांगायला ओशाळले."

ते मोठ्यांदा हसले. "मग आधी बोलायचंस की! मी उगाच तोंडाला टाके घालून बसलो."

मला वाटलं, मिटलं.

यंत्र मी दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत परत ठेवलं. त्याला आता तीन महिने झाले. संध्याकाळी मी दारात मुद्दाम चपला वाजवत काढते, वेळ लावते. बाबा मान वर करतात. नजर आधी माझ्या खिशाकडे जाते, मग तोंडाकडे.

"आलीस?" एवढंच. पाय पुन्हा मशीनच्या पायडलवर.

काल मीच म्हटलं, "बाबा, आज एका बशीत तीनशे बारा ठिपके निघाले."

"बरं," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला लागले.