लॉगिनच्याच दाराला कुलूप

मी लॉगिनचा पत्ता बोलतोय. एका दवाखान्याच्या संकेतस्थळाचं नाव, त्यापुढे एक तिरपी रेघ आणि मग मी. एवढाच माझा जीव.

जबलपुरात राइट टाउनमधल्या, संकेतस्थळं बांधणाऱ्या एका ऑफिसात यामिनीताईंनी मला जन्माला घातलं. या पत्त्यावर कोणी आलं की नाव आणि पासवर्ड विचारणारं पान दाखवायचं, जुळलं की आत सोडायचं. चार वर्षं हेच करतोय. पासवर्ड विसरतात लोक आणि बोल लावतात मला. उघडलं की मात्र कोणी वळूनही बघत नाही. खरं सांगू? थकलोय मी.

गेल्या महिन्यात हुकूम आला, रुग्णांची माहिती भलत्यांना दिसता कामा नये, सगळ्या पानांवर पहारा बसवा. काम ऑफिसातल्या अनुपमकडे गेलं. माणूस हुशार, पण भारी घाईचा. सगळ्या पत्त्यांवर त्याने पहारा बसवला आणि मला वगळायचं विसरला. मग काय! माझ्याकडे कोणी आलं की पहारेकरी विचारायचा, "लॉगिन केलंय?" नसेल तर, "जा लॉगिनच्या पानावर." ते पान म्हणजे मीच. माणूस माझ्याकडून निघून माझ्याकडेच यायचा. अशा दहा-वीस चकरा झाल्या की त्याचा फोन हात टेकायचा.

पहारा बसला त्याच सकाळी विजय नगरच्या श्यामसुंदरकाकांना दवाखान्यात नंबर लावायचा होता. त्यांच्या बायकोचा, प्रमोदिनीकाकूंचा मोतीबिंदू पिकला होता आणि नागपूरचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. त्यांचे नंबर दुपारी बारा वाजता बंद. एरवी काकू पासवर्ड तोंडपाठ सांगायच्या आणि काका टाइप करायचे. आज टाइप करायला जागाच दिसेना.

दवाखान्याने मदतीसाठी आमच्या ऑफिसचा फोन दिला होता, काकांनी तिथे लावला. अनुपमने लॅपटॉपवर पाहिलं. "काका, आमच्याकडे तर बरोबर चालून राहिलं. तुमचं नेट पाहा न."

खोटं नव्हता बोलत तो. त्याने कधीकाळी लॉगिन केलं होतं, ते आजवर तसंच होतं. त्याला पहारेकरी अडवणार कशाला?

शेवटी काकूंना स्कूटरवर मागे बसवून काका ऑफिसातच आले.

"हे पाहा भैया, सकाळपासून करून राहिलो. काहून नाही उघडत?"

यामिनीताईंनी काकांचा फोन हातात घेतला, पान तिथल्या तिथे फिरताना पाहिलं आणि त्या वळल्या. "अनुपम, लॉगआउट करून पाहिलं होतं का?"

"लॉगआउट? दीदी, मी तर कधी करतच नाही."

ताईंनी एक ओळ लिहिली, याला पहाऱ्यातून सोडा. मी उघडलो. काकूंनी पासवर्ड सांगितला, काकांनी टाइप केला. बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

"उघडलं का हो?" काकूंनी विचारलं.

"उघडलं. पण नंबर बंद झाले."

"चलो, अजून एक महिना," काकू म्हणाल्या आणि उठून भिंत चाचपू लागल्या. मला फार वाईट वाटलं. उघडून मी त्यांना काय दिलं?

अनुपमने त्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवून दिला. परत आला आणि पहिल्यांदाच लॉगआउट करून बाहेरून माझ्याकडे आला. मी त्याला नाव विचारलं. त्याने टाइप केलं.

आता तो रोज येतो. तुम्हीही असली पानं बांधत असाल तर एवढं करा, एकदा लॉगआउट करून बाहेरून माझ्याकडे या. काकू पुढल्या महिन्यात येणार आहेत.