जावईबापूंची उमेदवारी

मी बोलायला लागले की थांबत नाही, असं आई म्हणते. आधी असं नव्हतं. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज बाकाखाली जायचा. आणि आता मी मारुतीच्या पारावर माईक धरून अख्ख्या गावासमोर भाषण ठोकलंय. ते कोणासाठी ठोकलं आणि पुढं काय झालं, तेच सांगते.

फौजीमामासाठी ठोकलं.

आमचं गाव रिठदच्या पुढं. इथं नेपाळचा माणूस कसा आला, हे पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. हर्कबहादूर मामा नेपाळच्या डोंगरातला. आपल्या फौजेत भरती झाला, गोरखा पलटणीत, वायरलेसवर. आमच्या गल्लीतली रुख्मिणीआत्या फौजी दवाखान्यात नर्स होती. तिनं त्याच्या पायाच्या पट्ट्या बदलल्या आणि दोघांचं जमलं. पेन्शन झाल्यावर तो तिच्यासोबत इथंच आला. ज्या देशासाठी गोळी खाल्ली, त्या देशाचं नागरिकत्व मिळायला त्याला लय वर्षं लागली. ते मिळून मतदार यादीत नाव आलं आणि त्याच वर्षी आत्या वारली. लोक म्हणाले, आता जाईल हा आपल्या डोंगरात. तो गेला नाही. बसस्टॉपजवळ दुकान टाकून मोबाईल आणि शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत बसला.

आमच्या गल्लीच्या नळाला पाणी कधी येईल, याचा नेम नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, व्हॉल्व्ह खोलणाऱ्याच्या मर्जीनं. त्यामुळं प्रत्येक घरचं कोणीतरी राखणीला बसतं. आमच्या घरचं कोणीतरी म्हणजे मी. शाळा बुडायची. मामानं टाकीजवळच्या पाइपावर एक डबी बसवली. पाणी सुटलं की गल्लीतल्या सगळ्या फोनवर मेसेज. आई वावरातून येऊन पाणी भरायची आणि मी वर्गात. त्या डबीतलं अर्धं सोल्डरिंग मी केलंय, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

पण कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी मिळतं, हेही डबी सांगायची. ऋषिकेशभाऊच्या गल्लीला आमच्या दुप्पट. ऋषिकेशभाऊ म्हणजे जुना पंचायत मेंबर. तो म्हणाला, "पाइप पंचायतीचा, डबी बिनपरवान्याची. निवडणूक झाली की काढून फेकतो." म्हणून मामा त्याच्याविरुद्ध उभा राहिला. मामा हरला तर डबी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पारावर मी म्हटलं, "ज्या माणसामुळं तुमच्या पोरी शाळेत गेल्या, त्याले एक मत द्या." टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत.

ऋषिकेशभाऊ मागून हसत म्हणाला, "पोरगी बोलते चांगली. पण जावयाले पुरणपोळी वाढतात बाप्पा, घराची चावी नाही देत."

सगळा पार हसला. मामाही हसला. मग माईक घेऊन म्हणाला, "मला जावई नका म्हणू. मी पण याच गल्लीत पाणी भरतो."

दुसऱ्या दिवसापासून ऋषिकेशभाऊचं ताट घरोघर फिरू लागलं. ताटात बेलाचं पान आणि भंडारा. घरच्या कर्त्यानं ते उचललं की मताचा शब्द देवासमोर दिला, आता तो फिरत नाही. आमच्या बाबांनीही उचललं. "दारात आलेलं ताट वापस कसं धाडू?" म्हणाले.

मी धावत दुकानात गेले. "मामा, तुमी पण ताट फिरवा."

"जवान स्वतः कसम खातो, वैष्णवी. दुसऱ्याला खायला लावत नाही."

तेव्हा मला हे लय भारी वाटलं. पण इथंच मामा चुकला. गावाला वाटलं, ज्यानं ताट फिरवलं नाही, त्याला आपली गरजच नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बाबा आणि गल्लीतली काही माणसं दुकानात आली. मी तिथंच होते.

"जावईबापू," बाबा खाली पाहत म्हणाले, "आमी भंडारा उचलून बसलो. पण मन तुमच्याकडं हाये. तुमी म्हणसान त मोडतो."

मामाच्या हातात मोबाईलचे स्क्रू काढायचा पेचकस होता. मनातल्या मनात मी ओरडत होते, म्हणा मोडा, म्हणा. त्यानं पेचकस खाली ठेवला.

"कसम मोडायला मी सांगू? मग मी कसला फौजी? नका मोडू."

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा. सगळे चहा पिऊन, पाऊसपाण्याच्या गोष्टी करून गेले.

घरी मी विचारलं, "बाबा, अन् माही शाळा?"

"त्यानंच सांगतलं ना मोडू नका म्हणून," बाबा म्हणाले. "मंग मले काहून विचारतं?"

मामा वाईट हरला. तालुक्याहून, रिसोडहून निकाल आला आणि आमच्याच गल्लीत फटाके फुटले. डबी निघाली. पाइपावर वायरचा तुकडा तेवढा लोंबतोय. मी दुकानात जाते, पण मामा आता मला काही शिकवत नाही. समोर उघडा मोबाईल असतो आणि तो बाहेर रस्त्याकडं पाहत असतो.

आज शाळेत विज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं. मी नळावर होते. दुपार कलता कलता पाणी आलं, बारीक धारेचं. मामा बादली घेऊन आला आणि रांगेत सगळ्यात मागं उभा राहिला.

रांगेत सगळ्यात पुढं असलेल्या, आमच्या गल्लीतल्या धनीबाईनं मान वळवली. "अवो जावईबापू, तुमी कायले मागं? या, आधी तुमी भरा."

"नको. रांगेनं."

"असं कसं? गावचे जावई तुमी."

ती खरंच मायेनं बोलत होती. तिच्या घरचं मतही ऋषिकेशभाऊलाच गेलंय. सगळ्या बायांनी आपापल्या घागरी उचलून वाट केली. मामा जागचा हलला नाही. मग धनीबाईनंच त्याच्या हातातली बादली काढून नळाखाली लावली. त्याची बोटं कडी धरल्यासारखीच वाकलेली राहिली.

भरलेली बादली घेऊन तो माझ्या समोरून गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

त्याला वाट द्यायला मी पण माझी घागर उचलून बाजूला सरकले होते.