बंद गाडीतला जोर

टिक्. तांदळातला खडा ताटलीत पडला आणि दुपारची शांतता तेवढ्यापुरती मोडली. लालबर्र्याच्या रस्त्यावरच्या या घरात हल्ली मोठ्याने कुणी बोलत नाही. अंजना मान खाली घालून तांदूळ निवडते आहे आणि खिडकीच्या फळीवरून मी तिच्याकडे पाहतो आहे.

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोल फिल्टर आहे. मुठीएवढा पत्र्याचा डबा, पोटात कागदाच्या घड्या, दोन्ही टोकांना नळी. अंजना आत्ता करते आहे तेच काम मी जन्मभर केलं. टाकीतून येणाऱ्या पेट्रोलमधली गंज-माती निवडून ठेवायची आणि स्वच्छ तेवढं इंजिनाकडे धाडायचं.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर चकाकी होती. एका पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली मला बसवलं. तिचा मालक दुलीचंद खैरलांजीहून बालाघाटला सवाऱ्या न्यायचा. नवरदेव नेले, बाळंतिणी नेल्या, जागा उरली तर धानाची पोतीही नेली. लोक गाडीची तारीफ करत, दुलीचंद इंजिनाची करी. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्याचं फारसं काही वाटलं नाही म्हणा. पण चिखल अंगावर घेत सात वर्षं काढली की थकवा येतोच. त्यात रस्त्याकडेला बाटलीत मिळणारं गढूळ पेट्रोल. माझ्या घड्या बुजत गेल्या. चढावर गाडी आचके देऊ लागली.

शेवटी दुलीचंदने ती वसंताकडे आणली. वसंता म्हणजे अंजनाचा नवरा, घरासमोरच त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. माणूस कामाचा पक्का, पण शिकला तो वीस वर्षांपूर्वी, जुन्या गाड्यांवर. त्या गाड्यांत इंजिन बंद केलं की नळीतलं पेट्रोल गपगुमान बसायचं. आताच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोल जोराने ढकलतो आणि गाडी बंद झाल्यावरही तो जोर नळीत कितीतरी वेळ कोंडून राहतो. गाड्या बदलल्या, वसंताचे हात तेच राहिले. उस्तादाने घालून दिलेली एक रीतही त्याने सोडली नव्हती : गाडीखाली शिरण्याआधी जॅकपाशी उदबत्ती लावायची.

त्या दिवशी दुलीचंदला राजेगावची लग्नाची सवारी गाठायची होती. तो घाई करत डोक्यावर उभा. अंजना लहानग्या श्रुतिकाचं बोट धरून नवऱ्याला जेवायला बोलवायला आली होती. नव्या फिल्टरचा खोका तिने सहज उचलला, त्यावरची हिंदीतली सूचना वाचली आणि हळूच म्हणाली, "अवो, आधी पाइपातलं प्रेशर काढा म्हणते याच्यावर."

गाडीखालून वसंता हसला. "बंद गाडीत कायचं प्रेशर वं? तू आपला कुकर पाह्य."

दुलीचंदही हसला. वहिनीच्याच हाती पाना द्या, म्हणाला. अंजनाने खोका खाली ठेवला. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला दुसऱ्यांदा कसं टोकायचं?

मी आतून तुडुंब भरलेला. मला तोंडं दोन, पण आवाज एकातूनही निघत नाही. पाना फिरला. सांध्यातून चिळकांडी उडाली ती थेट वसंताच्या डोळ्यांत, आणि पेट्रोलचा ओघळ निघाला जॅकपाशी लावलेल्या उदबत्तीकडे. श्रुतिकाला मागे लोटून अंजनाने जळती उदबत्ती उपटली आणि बादलीत बुडवली. भडका झाला नाही, एवढंच.

कितीतरी वेळ पाणी मारून डोळे धुतले, मग बालाघाटला नेलं. डावा डोळा सावरला. उजव्यासमोरचं धुकं अजून तसंच आहे. ते जाईल की राहील, डॉक्टरही सांगत नाहीत.

आता दुकान सांभाळायला वसंताचा मित्र नागसेन येतो. मला गाडीतून काढलं त्यानेच. कोरडा झाल्यावर श्रुतिकाने मला इथे आणून ठेवलं. इथून मला त्याचं काम दिसतं. परवा त्याने दुसऱ्या एका गाडीचा फिल्टर बदलला. इंजिन आधी थंड होऊ दिलं. पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी चालू केली. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल पिऊन ती उचक्या देत बंद पडली. पुन्हा एकदा चावी फिरवून पाहिली. मग बॅटरीची काळी तार सोडली, डोळ्यांवर चष्मा चढवला, खाली तसराळं ठेवलं, सांध्याला फडकं गुंडाळलं आणि नट सावकाश सैल केला. फडकं थोडं ओलं झालं, बस. उदबत्ती त्याने लावली, पण घरात.

मित्रांनो, इंजिन थंड झाल्यावर एवढ्याला पाव तासही लागला नाही. गप्प पडलेली वस्तू आतूनही गप्प असेलच असं समजू नका. तिला हात लावण्याआधी तिच्यातला जोर उतरू द्या. आणि कुणी हळू आवाजात सावध केलं, तर हसू नका. मी थकलो आहे; यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

आतल्या खोलीत वसंता डोळ्यावर पट्टी बांधून निजला आहे. दारातून त्याच्याकडे बराच वेळ पाहून श्रुतिका आईजवळ येऊन बसली आहे.

"आई, तुले तं माहीत होतं. मंग अजून एक डाव काहून नाही सांगतलं?"