वळणावरची वाळू

सहामाहीत नदीच्या वळणाचा प्रश्न आला आणि अख्खा वर्ग चुकला. तोही एकसारखा. सगळ्यांनी वाळू वळणाच्या बाहेरच्या बाजूला काढली. हेडबाईंना वाटलं, कॉपी झाली. भूगोलाच्या बाईंना मात्र बघताक्षणी कळलं. वर्गातल्या भिंतीवरच्या चित्रात वाळू तिथेच होती. आणि चित्र त्यांच्या वडिलांचं.

वडिलांनी जन्मभर डोंगर-नद्या रंगवल्या, विकत घेतल्या कुणी नाहीत. आई गेली आणि ते बोलेनासेच झाले. तेव्हा बाईंनी चित्रं वर्गात नेली. दरी, धबधबा, नदी, सगळं त्यावरूनच शिकवायच्या. मग दर गुरुवारी वडील दाढीबिढी करून मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. चित्रं आपली आहेत हे पोरांना सांगायचं नाही, अशी त्यांचीच ताकीद.

"चूक सुधारा, नाहीतर चित्रं उतरवा," खरं कारण कळल्यावर हेडबाई म्हणाल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. गुरुवारी बाई मागच्या बाकाकडे न बघता बोलल्या, "वळताना पाणी बाहेरचा काठ खातं. वाळू आतल्या बाजूला टाकतं. मग या चित्रात काय चुकलंय?"

पोरांना तेच हवं होतं.

"बाई, वाळू उलटी आहे."

"चित्रवाल्याने नदी बघितलीच नसेल," खिडकीजवळचा म्हणाला. वर्ग खो खो हसला.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "बघितली होती. वाळू आतच होती. पण चित्रात बाहेरचा काठ फार काळा पडत होता गं, म्हणून उजेडाला तिकडे नेली."

"बाबा, पोरं आहेत ती."

"बरोबर बोलली की."

त्यांनी चित्र घरी मागवून घेतलं. आठवड्याने वाळू आत गेली होती. काळा काठ चित्रभर पसरला होता, नदी विझल्यासारखी दिसत होती.

"आता पडतील मार्क?"

"पडतील," बाई म्हणाल्या.

"धबधब्याचं पण सांग. चुकलं असेल तर एकदमच उरकतो."

धबधब्याच्या चित्रात कठीण खडक खाली आणि मऊ वर होता, खरं तर उलटं हवं. बाईंना ते केव्हाच दिसलं होतं, म्हणून त्या खडकांचं नाव वर्गात काढायच्या नाहीत.

"तो ठीक आहे, बाबा."

"खोटं बोलू नकोस," ते ब्रश पुसत म्हणाले. "मीच काढलाय तो."