खळीतला शर्ट

शर्टची कॉलर नव्यासारखी होती; विरला होता तो फक्त घड्यांवर. सहा वर्षं कुणी न घालता, दर महिन्याला धुऊन इस्त्री करून ठेवलेलं कापड असंच विरतं.

चित्रकार बाईंनी तो खळीत बुडवला, पिळला आणि ज्याचा तो शर्ट, त्याच्या ताईच्या अंगावर कुडत्यावरूनच चढवला. माणसाच्या अंगावर वाळलेला शर्ट काढल्यावरही छाती फुगवून उभा राहतो. असे दीडशे शर्ट कोर्टासमोरच्या कुंपणावर टांगलेले होते. प्रत्येकावर एक पट्टी: नाव, आणि खटल्याची वाट पाहत तुरुंगात गेलेले दिवस.

"हलू नकोस गं," पट्ट्या शिवणारी शिंपीण म्हणाली. "नाहीतर भाऊ वाकडा निघेल."

"आधी तरी कुठे सरळ होता मेला!" आई म्हणाली, आणि तिघी हसल्या.

ताई हसली नाही. शेजारीपाजारी आणि ती काम करायची त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सगळ्यांच्या लेखी तिचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. थाप तिचीच. शर्ट द्यायला ती कशीबशी तयार झाली होती. नावाचं मात्र तीन आठवडे 'बघू, बघू' चाललं होतं.

"आमच्या ह्यांचं नाव वाचून एका वकिलाने केस हातात घेतली," शिंपीण म्हणाली. "मंगळवारी जामीन झाला. गरम पाण्यात खळ काढली, तोच शर्ट घालून घरी आले. अंगाला टोचतो म्हणून अजून कुरकुर चालू आहे. तुझं जहाज कधी लागतंय धक्क्याला?"

चित्रकार बाईंनी पेन उघडलं.

"नाव नको ना तुम्हाला? मग नुसतं 'कैदी' लिहिते."

"कैदी कसा? खटलाच उभा राहिलेला नाही त्याचा," ताई म्हणाली.

"मग काय लिहू? सुरुवातीला दोन शर्ट बिननावाचे लावून पाहिले होते. त्यांच्यासमोर कुणी थांबलंच नाही."

रक्ताच्या नळीवर नाव नसेल तर ती तपासायची नाही, सरळ टाकून द्यायची. लॅबमध्ये नव्या मुलींना हे ताईच शिकवत असे. तिने हात अंगापासून लांब धरले होते. बाह्या कडक होत आल्या होत्या. आई टेबलावर सांडलेली खळ पुसत होती, पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा.

"नाव लिहा," ताई म्हणाली. "पूर्ण. आडनावासकट."