बारीक गाईडमधले आठ खडे

उत्तरमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता बायकोशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तीही नुसतं "अहो" म्हणायची. बाकी सगळ्या गावाला ते उत्तरमास्तर म्हणूनच ठाऊक. आठवीच्या गणिताच्या गाईडमध्ये मागच्या पानांवर बारीक अक्षरात जी उत्तरं छापलेली असतात, ती कुणीतरी बसून, चष्मा पुसत, एकेक गणित सोडवून काढलेली असतात, हे मुलांच्या गावीही नसतं. ते कुणीतरी म्हणजे हे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं प्रकाशनाचा धंदा काढला आणि मास्तरांना बसल्या जागी काम मिळालं. आठ प्रकरणं, सहाशे तेवीस उत्तरं, पानं जेमतेम सव्वाशे. सगळे त्याला 'बारीक गाईड' म्हणत.

सुरुवातीची दोन वर्षं सुखात गेली. मग बाजारात 'जाड गाईड' आलं. मास्तरांनी ते दुकानात उभ्या उभ्याच चाळलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. उत्तरं तर सोडाच, पण "आता ताळा करून पाहा, घाबरू नका" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्यही जसंच्या तसं उचललं होतं. तावातावानं ते प्रकाशकाकडे गेले. प्रकाशक बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, वाक्याचं ठीक आहे, पण उत्तरांवर कसा हक्क सांगायचा? पाठ्यपुस्तक एकच, गणितं तीच. पाच नि पाच दहा. आपले दहा वेगळे आणि त्यांचे दहा वेगळे, असं कोर्टात सांगू का?"

ही गोष्ट मास्तरांच्या जिव्हारी लागली. तीन दिवस ते धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी आंघोळ करताना त्यांना एकदम सुचलं. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चुकीचं मात्र ज्याचं त्याचं असतं!

त्या वर्षीच्या आवृत्तीत त्यांनी प्रत्येक प्रकरणात एक उत्तर मुद्दाम चुकवलं. आठ प्रकरणं, आठ चुका. त्यांना ते 'खडे' म्हणत. आणि खडे असे ऐरेगैरे नव्हेत, निवडून घेतलेले. जाताना ताशी चाळीस, त्याच वाटेनं येताना ताशी साठ, तर सरासरी वेग किती? अठ्ठेचाळीस. मास्तरांनी छापलं पन्नास. एका रांगेत अकरा झाडं, दोन झाडांत चार मीटर अंतर, तर पहिल्यापासून शेवटच्या झाडापर्यंत किती? चाळीस. मास्तरांनी छापलं चव्वेचाळीस. वाचणाऱ्यानं मान डोलवावी आणि पुढे जावं, अशी एकेक लाघवी चूक. सहा महिन्यांनी जाड गाईडची नवी आवृत्ती आली आणि त्यात आठच्या आठ खडे जागच्या जागी होते. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी दुकानदाराचा हात धरून दोनदा हलवला.

"चोर सापडला ना? मग आता काढून टाका ते," बायको म्हणाली.

"इतक्यात नको. योग्य वेळ येऊ दे."

"आणि तोवर मुलांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"आठच तर आहेत गं. सहाशे पंधरा बरोबर आहेत ना!"

बायकोनं नाक मुरडलं आणि विषय तिथंच राहिला. योग्य वेळ यायला अकरा वर्षं लागली. मधे पाठ्यपुस्तक दोनदा बदललं, पण गणितं तीच राहिली, सफरचंदांच्या जागी पेनं आली एवढंच. खडेही पेनांसकट पुढे चालू राहिले.

मग एका सकाळी प्रकाशक स्वतः घरी आला. गावातली सगळ्यात मोठी शाळा, चार शाखांची, दर तीन वर्षांनी गाईड निवडायची. आजवर ती बारीक गाईडच घेत आली होती. या वेळी मुख्याध्यापिका नव्या होत्या आणि जाड गाईडवाल्यांनी तिथं बस्तान मांडायला सुरुवात केली होती.

"मास्तर, स्पष्टच सांगतो," प्रकाशक म्हणाला. "ही शाळा गेली तर बारीक गाईड बंद. मग मी आपला कोऱ्या वह्या विकेन."

वह्यांच्या मागे उत्तरं छापत नाहीत, हे मास्तरांना सांगायची गरज नव्हती. गाईड बंद म्हणजे सकाळी दूध आणायचं, दुपारी पेपर वाचायचा आणि मधला सगळा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं.  पण लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मिशीतल्या मिशीत हसू फुटलं. "तू नको जाऊस," ते म्हणाले. "निवडीला मी जातो."

शाळेच्या शिक्षकखोलीत लांब टेबलावर दोन्ही गाईडं मांडली होती. एका बाजूला मुख्याध्यापिका आणि गणिताच्या बाई बसल्या होत्या. बाई या शाळेत वीस वर्षं आठवीला शिकवत होत्या, त्यांच्यासमोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि बोलता बोलताही हातातलं लाल पेन सुटत नव्हतं. दुसऱ्या बाजूला जाड गाईडचा प्रतिनिधी होता, कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक हसू.

मुख्याध्यापिकांनी दोन्ही गाईडं दोन हातांत घेऊन तोलून पाहिली. "पालकांना जाड आवडतं," त्या म्हणाल्या. "बारीक दिलं की म्हणतात, एवढंच शिकवणार का?"

"आमची तीनशे चाळीस पानं आहेत मॅडम," प्रतिनिधी तत्परतेनं म्हणाला.

गणिताच्या बाईंनी दोन्हींतलं एकेक पान उघडलं. "पायऱ्या बारीकमध्ये नीट दाखवल्यात. मूल एकटं बसून वाचू शकतं. जाडमध्ये सराव जास्त आहे. उत्तरांचं म्हणाल तर दोन्हींत सारखीच."

"सारखीच!" मास्तर खुर्चीतून निम्मे उठले. "काय बोललात बाई! अगदी सारखीच! आता जरा तिसरं प्रकरण काढा, चौदावं गणित. पाचशे रुपयांच्या वस्तूची किंमत वीस टक्क्यांनी वाढवली, मग वाढलेली किंमत वीस टक्क्यांनी कमी केली. आता किंमत किती?"

प्रतिनिधीनं मागचं पान उघडलं. "पाचशे."

"आमच्यातही पाचशे. आता कागदावर करून बघा."

प्रतिनिधी हसत हसत खिशातून पेन काढून लिहू लागला. पाचशेचे सहाशे झाले. सहाशेतून एकशे वीस गेले. हसू शर्टाच्या आधी चुरगळलं. "चारशे ऐंशी," तो पुटपुटला.

मग मास्तरांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि एकामागून एक आठही खडे टेबलावर ठेवले. प्रत्येक चूक दोन्ही गाईडांत तीच, तिथंच. आठव्या खड्यापर्यंत प्रतिनिधीचा चेहरा पार उतरला होता आणि मास्तरांना अकरा वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

"म्हणजे यांनी तुमची उत्तरं चोरली," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाल्या.

"शब्दन् शब्द!"

"आणि तुम्ही अकरा वर्षं माझ्या शाळेतल्या मुलांना चुकीची उत्तरं दिलीत. मुद्दाम."

मास्तरांनी डायरी मिटून खिशात घातली.  मोठ्या हौसेनं त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. प्रतिनिधीच्या चेहऱ्यावर थोडी थोडी इस्त्री परत येऊ लागली.

तेवढ्यात गणिताच्या बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. ते टेबलावर पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मॅडम, मलाही काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "एकेका वर्गात साठ वह्या असतात. मी गाईड शेजारी उघडं ठेवून तपासते. अकरा वर्षं मी चारशे ऐंशीला फुली मारत आलेय. दर वर्षी दोन-चार मुलं यायची, म्हणायची, बाई, आमचं बरोबर आहे. मी त्यांना सांगायची, परत करून बघा."

 मास्तरांनी मान खाली घातली. ती दर वर्षीची दोन-चार मुलं म्हणजे अकरा वर्षांची किती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"मग दोन्ही गाईडं बाद करते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"नको मॅडम," बाई म्हणाल्या. "बारीकच ठेवू या, खड्यांसकट. फक्त पहिल्याच पानावर ठळक छापायचं, की प्रत्येक प्रकरणात एक उत्तर चुकीचं आहे, शोधून काढा. मग बघू कोण आंधळेपणानं उतरवतंय ते. मुलंही आणि मीही."

मुख्याध्यापिकांनी बारीक गाईड पुन्हा हातात घेतलं. "ठीक आहे. पण माझी अट आहे. प्रकरणात एकच. त्यापलीकडे एक जरी उत्तर चुकीचं निघालं, तर पुढच्या वर्षी बारीक गाईड या टेबलावर येणार नाही."

"निघालं तर मिशी उतरवीन!" मास्तर म्हणाले. प्रतिनिधी मात्र तेवढ्या वेळात आठही खडे टिपून घेऊन गेला आणि महिनाभरात 'संपूर्ण अचूक' असा शिक्का मारलेली जाड गाईडची नवी आवृत्ती नमुन्यादाखल शाळेच्या कपाटात येऊन बसली.

इकडे आठवीच्या वर्गात धमाल उडाली. खडा शोधायचा म्हणजे प्रकरणातलं प्रत्येक गणित सोडवायला हवं, हे पोरांच्या लक्षात येईपर्यंत त्यांची अर्धी गणितं सोडवून झाली होती. एरवी पाचाला पळणारी मुलं वर्गात थांबायला लागली. बाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. पहिला सापडला, दुसरा सापडला. मास्तर कौतुकानं ऐकायचे आणि डायरीत खूण करायचे.

एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला, फोन वाजला.

"मास्तर, पाचव्या प्रकरणात तुम्ही दोन टाकलेत का?"

"छे हो. एकच. सातवं गणित."

"सातवं सापडलं. पण दोन मुली म्हणतायत, अकरावंही चुकलंय."

"धरा जरा." मास्तरांनी गाईड ओढलं. बाग सतरा मीटर लांब, सहा मीटर रुंद. मधे बारा चौरस मीटरचा हौद. हौद सोडून उरलेली जागा किती? छापलेलं उत्तर, ऐंशी. गोल, गुटगुटीत, संशय यायला जागाच नाही असं. "सतरा सक..." मास्तर पुटपुटले.

"एकशे दोन!" आतून बायकोचा आवाज आला. "एवढंही येईना का आता?"

एकशे दोन वजा बारा, नव्वद. मास्तरांनी कपाटातून पहिल्या आवृत्तीची हस्तलिखित वही काढली. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात समासात लिहिलं होतं, १७ × ६ = ९२. ज्या माणसानं पाढ्यांवरून दोन पिढ्यांचे कान उपटले, त्यानं सतराचा पाढा चुकवला होता, आणि तो तेरा वर्षं तसाच छापत होता.

"मास्तर? आहात ना?"

फोन हातातच होता. नुसतं "मुद्दाम" एवढं म्हटलं की काम झालं असतं. आठ टाकणाऱ्यानं नववा टाकला, तर कोण कशाला शंका घेईल? अट अटीच्या जागी राहील, गाईड गाईडच्या जागी, मिशी मिशीच्या जागी. शब्द अगदी जिभेवर आला. पण त्या आठ खड्यांच्या मागे निदान एक चोर तरी होता. या नवव्याच्या मागे कुणीच नव्हतं. तेरा वर्षं मुलांनी स्वतःचे नव्वद खोडून ऐंशी लिहिले होते, आणि त्याला कारण फक्त ते एकटे होते.

"बाई," मास्तर म्हणाले, "ती चूक माझीच. टाकलेली नाही, झालेली आहे. पाढा चुकला."

 बाई हळूच म्हणाल्या, "मुलींनी सांगितलंच होतं."

"काय सांगितलं?"

"म्हणाल्या, बाई, बाकीच्या चुका हुशार माणसानं केल्यात. ही कुणाला तरी पाढा येत नसल्यामुळे झालीय."

मास्तरांना हे लागलंही आणि हसूही आलं. हसू थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग अटीचं काय?"

"अट म्हणजे अट. मॅडमना सांगावंच लागेल. पुढच्या वर्षी जाड गाईड."

 मास्तरांचा हात मिशीकडे गेला. आणि तिथंच थांबला. "बाई, तुमच्या कपाटात ते 'संपूर्ण अचूक' आहे ना? जरा बघता? पाचवं प्रकरण, अकरावं."

कपाटाचं दार करकरल्याचं ऐकू आलं. पानं उलटली गेली. मग बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की मास्तरांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"ऐंशी!" त्या कशाबशा म्हणाल्या. "मास्तर, इथंही ऐंशीच!"

ज्याच्यासाठी मास्तरांनी अकरा वर्षं एवढे निवडक खडे जपले, तो चोर त्याआधीच त्यांची खरीखुरी चूक फुकटात घेऊन गेला होता.

"म्हणजे आता दोन्ही बाद," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "निवड पुन्हा होणार. नव्या आवृत्तीसह या, सगळ्यांना सारखीच संधी. मात्र या वेळी टेबलाच्या माझ्या बाजूला मी त्या दोघी मुलींनाही बसवणार आहे. पेन्सिली घेऊन."

मास्तरांनी फोन ठेवला. मुख्याध्यापिकांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, पण त्या दोन पेन्सिलींची वाटली. न्हाव्याकडे जायचं त्यांनी संध्याकाळवर टाकलं, कोरी वही उघडली, पहिल्या प्रकरणाचं पहिलं गणित काढलं आणि बायकोला हाक मारून समोर बसायला सांगितलं. पाढे ती म्हणणार होती.