आईने मोरोक्कोचा सांजा खाल्ला

मुलगी बघायला येणाऱ्याने पोहे खावेत, दोन प्रश्न विचारावेत आणि ‘कळवतो’ म्हणून जिना उतरावा, हा आमच्या गिरगावातला रिवाज. माझ्या बाबतीत तो तीनदा पार पडला आणि तिन्ही वेळा नकार मीच कळवला. चाळीत माझं नाव झालं होतं. सुनेत्रा मास्तरीण अठ्ठावीस वर्षांची, नखरे मात्र सोळा वर्षांचे, असं लोक म्हणत. म्हणू देत. माझी अट एकच होती आणि ती कोणी पुरती ऐकूनही घेत नव्हतं.

लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील, ही ती अट. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. मला ना भाऊ, ना बहीण. आईला दोन खोल्यांत एकटी टाकून मी सासरी मजेत राहायचं, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. पहिला म्हणाला, “अधूनमधून येऊ देत की.” दुसरा म्हणाला, “बाळंतपणाला तर येतीलच.” तिसऱ्याच्या आईने हसून विचारलं, “मग आम्ही कुठे जायचं?” मी तिथल्या तिथे पोह्यांच्या बशा उचलल्या.

अर्थात मुलांना एक वेळ पटवता आलं असतं. खरं घोडं पेंड खात होतं ते आईपाशी. लेकीच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, हा आमच्या घरातला दंडक. माझे आजोबा दादरला आत्याकडे जायचे, तासभर बसायचे, आणि उन्हाने घसा कोरडा पडला तरी गिरगावात परत येऊन पाणी प्यायचे. त्यांची सून शोभावी अशी माझी आई. “दिलेल्या लेकीच्या घरचा घास घशाखाली उतरेल का गं?” एवढं बोलून ती विषय संपवायची. म्हणजे नवरा हो म्हणेल तेव्हा म्हणेल, आधी आईचा हा हट्ट मोडायला हवा होता.

चौथं स्थळ आलं ते मनमोहनरावांचं. आमच्याच प्रभू ज्ञातीतले, राहायला शिवाजी पार्कला. दहा वर्षं बोटीवर नोकरी करून आता बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात बसत होते. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण शकूताई, दोघंच. त्यांचा निरोप आला तो असा: “पोहे नकोत, मुलीला समोर बसवून प्रश्न विचारणं नको. फोर्टात मोरोक्को पद्धतीचं एक हॉटेल निघालंय. शनिवारी संध्याकाळी तिथे वाजवणारे येतात, नाच असतो. सगळे मिळून जेवू आणि बोलू.”

मला आधी हसू आलं आणि मग डोक्यात चक्र फिरू लागलं. बोलावणं मनमोहनरावांचं, म्हणजे जेवण त्यांचं. आई तिथे जेवली की दंडक मोडलाच. आणि एकदा मोडला की दुसऱ्यांदा मोडायला काय लागतं?

आई आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण ती चटकन तयार झाली. म्हणाली, “शनिवार ना? चालेल. रविवार असता तर जमलं नसतं.” रविवारी तिचं महिला मंडळ असायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या गल्लीतल्या बायका दोन वर्षांपासून उतरल्या होत्या, आणि आता तर बेळगावच्या सीमेवर सत्याग्रह सुरू झाला होता. तिकडे निघालेल्या तुकड्यांना भाकऱ्या बांधून देणं, पत्रकं वाटणं, मोर्चात चालणं, असं त्यांचं काही ना काही चाललेलं असायचं. आई जायची आणि मी जाऊ द्यायची. तेवढाच बिचारीचा वेळ जातो, असं मी शाळेत मैत्रिणींना सांगायची.

त्या शनिवारी दुपारपासून मला चैन नव्हतं. तीनदा साडी बदलली. टॅक्सीत बसल्यावर बोलायची वाक्यं मनात घोळवली आणि मेट्रो सिनेमा येईपर्यंत सगळी विसरले. आई शेजारी स्वस्थ बसून खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या त्या स्वस्थपणाचाच मला राग आला.

हॉटेलात शिरलो तर दिवे लाल, जमिनीवर गालिचे, गुडघ्याएवढी मेजं आणि बसायला गाद्या-लोड. “अगं, ही तर आपली बैठकच!” म्हणत आईने खुशाल मांडी घातली. पंचाईत झाली ती शकूताईंची. अंगाने भरलेल्या, त्यात गुडघे दुखरे. त्यांना दोन्हीकडून धरून बसवावं लागलं. मनमोहनराव फोटोतल्यापेक्षा काळे आणि फोटोतल्यापेक्षा हसरे होते. पस्तिशीचे असतील. मला बघून म्हणाले, “घाबरू नका, आम्ही सुईत दोरा ओवायला लावणार नाही.” मी हसले नाही. मला कामाचं बोलायचं होतं.

तेवढ्यात लाल गोंड्याची टोपी घातलेला वेटर पितळी झारी आणि हात धुवायचं तस्त घेऊन आला. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायची तिकडची रीत, असं मनमोहनराव सांगत होते. त्यांचं पुरतं सांगून व्हायच्या आत आईने वेटरच्या हातातली झारी काढून घेतली आणि शकूताईंच्या हातावर पाणी घातलं, मग मनमोहनरावांच्या. “मुलीकडच्यांनी घालायचं असतं,” ती वेटरला समजावून म्हणाली. तो बिचारा नुसता बघत राहिला. माझं डोकं तापलं. अजून जेवण आलं नाही, काही ठरलं नाही, आणि हिने मला देऊनही टाकली! मनमोहनरावांनी मात्र शांतपणे झारी आपल्याकडे घेतली आणि म्हणाले, “आता तुमचे हात पुढे करा, आई.” आईने आधी हात मागे घेतले, आणि मग पुढे केले.

मी बोलायला तोंड उघडलं आणि ढोल सुरू झाला.

वाजवणारे तिघं होते, दोघं ढोलवाले आणि एक व्हायोलिनवाला. पायघोळ झगे तिघांचेही मोरोक्कोचे, पण व्हायोलिनवाल्याने मध्येच एका ढोलवाल्याला कोकणीत अशी शिवी हासडली की आईने पदर तोंडाला लावला. मग डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं तबक घेऊन नाचणारी बाई आली. मान अगदी स्थिर आणि कंबर तेवढी हलती. लोक टाळ्या वाजवू लागले. आईही वाजवू लागली, आणि ताल न चुकता. आई आणि टाळ्या! आमच्या घरात बाबा गेल्यापासून रेडिओसुद्धा हळू लागायचा.

मला त्या नाचात रस नव्हता. मी मेजावर वाकून ओरडले, “माझी एक अट आहे!”

मनमोहनरावांनी मान हलवली.

“लग्नानंतर आई आपल्याकडे राहील! कायमची!”

त्यांनी पुन्हा मान हलवली आणि टाळी वाजवली. आता ऐकू आलं म्हणून हलवली, की ढोलाच्या तालावर? पाणी आणू का, असं वेटरने खुणेने विचारलं तेव्हाही त्यांनी तशीच मान हलवली. नाचणारी जवळून गेली तेव्हाही तशीच. हा माणूस आहे की नंदीबैल, मला कळेना. पुन्हा ओरडावं तर शेजारच्या मेजावरचे पारशी वळून बघू लागले होते. मी हातातल्या रुमालाचा बोळा करत राहिले.

जेवण आलं ते एकाच भल्या मोठ्या परातीत. मधे पिवळसर रवाळ ढीग, त्याच्याभोवती भोपळा, गाजर, छोले, वर पेरलेले बेदाणे.

“अगं, हा तर सांजा!” आई म्हणाली.

“चौघांनी एकाच ताटात?” शकूताई कुरकुरल्या. “उष्टं नाही का होणार?”

ढोल जरा मंदावला होता, म्हणून मनमोहनरावांचं बोलणं ऐकू आलं. “ताई, आपापल्या पुढ्यातलंच खायचं. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही, असा नियम आहे.”

“हद्दीचं असं समजुतीने मिटलं असतं,” आई म्हणाली, “तर बेळगावला एवढी माणसं तुरुंगात कशाला गेली असती?”

मनमोहनराव खदखदून हसले. मी आईकडे बघत राहिले. परक्या माणसांपुढे ती असं बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

पण जेवणाला तिने हात लावला नव्हता. हात मांडीवर, नजर परातीवर. शकूताईंनी सुरुवात केली, मनमोहनरावांनी केली. माझा घास बोटांतच राहिला आणि जीव टांगणीला लागला. जेव गं बाई, मी मनात म्हणत होते, एकच घास घे. मग बाकीचं मी बघते.

आईने हात पुढे केला. छोटासा घास घेतला, चावला, मान डोलावली. दुसरा घेतला. मग भोपळ्याची फोड. आपल्या पुढ्यातला ढीग तिने नीट, कडेकडेने संपवत आणला. मनमोहनरावांनी स्वतःकडचे छोले तिच्या बाजूला सरकवले तर तिने तेही खाल्ले. सहा वर्षांत मी तिला इतक्या चवीने जेवताना बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. जिंकले होते मी!

वाजवणारे पाणी प्यायला थांबले. मी ती संधी सोडली नाही.

“मघाशी मी काय म्हणाले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?”

“आई आपल्याकडे राहतील. कायमच्या,” मनमोहनराव म्हणाले. “ऐकलं की. हो म्हणालो ना मी?”

“काही विचार न करता?”

“त्यात विचार कसला? चार खोल्यांत आम्ही दोघं राहतो. ताई आणि मी दिवसात दहा वाक्यं बोलत असू.”

“बारा,” शकूताई म्हणाल्या आणि पुन्हा परातीकडे वळल्या.

एवढं सोपं? मी तिघांना घालवलं, चाळीची बोलणी खाल्ली, आज दिवसभर तडफडले, आणि हा माणूस पहिल्याच फटक्याला हो म्हणून मोकळा. मी आईला हलवलं. “ऐकलंस ना?”

“ऐकलं,” आई म्हणाली. “हात धुऊन येऊ. चल माझ्याबरोबर.”

बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो. मी तिच्या गळ्यातच पडले. “तू जेवलीस, आई!”

“जेवले की. छान होतं. गूळ हवा होता जरा.”

“म्हणजे दंडक मोडलास!”

“कुठे मोडला?” आईला खरंच नवल वाटलं. “अगं, तुला अजून दिलेली नाही. आज तू माझी आहेस आणि ते नुसते ओळखीचे. आज त्यांच्याकडचं चालतं. लग्न झालं की चालायचं नाही. म्हणून तर पोटभर जेवले, मुद्दाम. तुझ्याबरोबर, तुझ्या माणसाच्या हातचं, एकदा तरी.”

माझा आवाज रागाने चढला. “तुझ्यासाठी मी तीन स्थळं घालवली! तुझ्या एका जुनाट दंडकापायी...”

“मला विचारून घालवलीस?”

मी नळ सोडून हात धुऊ लागले.

आईने हात पदराला पुसले. “तू बशा उचलायचीस आणि चाळ म्हणायची, आईच्या पायी पोरगी राहिली. मी काय बोलणार? आता ऐक. मला कोणाच्या घरात राहायचं नाही. माणूस चांगला आहे, तुला सुखात ठेवील, पण ते घर माझं नाही. दंडक आहे म्हणून बरं. नाहीतर हे तुला तोंडावर सांगायची वेळ माझ्यावर केव्हाच आली असती.”

“एकटी काय करशील तू?”

“बेळगावला जाईन. मंडळातून आठ जणी चालल्यात पुढच्या तुकडीत. पकडतील, महिना-दोन महिने ठेवतील. दोनदा नाव दिलं होतं मी आणि दोनदा काढून घेतलं. तुला दोन खोल्यांत एकटी टाकून कशी जाऊ?”

मी बेसिनला धरून उभी राहिले. मला तिचा राग आला होता, तिने हे मला सांगितलं नाही याचा जास्त आला होता, आणि सगळ्यात जास्त लाज वाटत होती. सहा वर्षं मी तिला सांभाळत होते. तीही मला सांभाळत होती. एकमेकींना सांभाळता सांभाळता दोघीही अडकून पडलो होतो.

“चल,” आई म्हणाली, “शकूताईंना उठवायला माणसं लागतील.”

बाहेर आलो तेव्हा आठ-साडेआठ झाले असतील, फोर्टातला रस्ता अजून जागा होता. शकूताई आणि आई पुढे चालत होत्या. आई त्यांना मंडळाबद्दल काहीतरी सांगत होती आणि शकूताई थांबून थांबून विचारत होत्या. मनमोहनराव टॅक्सीला हात करून माझ्याकडे वळले.

“मागची खोली हवेशीर आहे. आईंना तीच देऊ या का?”

त्यांच्या चांगुलपणाने मला रडू यायचं बाकी राहिलं. “आई येणार नाही,” मी म्हणाले. “तिला वेळ नाही.”

ते हसले नाहीत. पुढे आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आणि तुम्ही?”

तीन स्थळं येऊन गेली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं, कारण मी कोणाला तिथवर येऊच दिलं नव्हतं. दर वेळी आईला पुढे उभी केली होती. आता आई पुढे निघून गेली होती आणि रस्त्यावर मी एकटी उभी होते.

“येईन,” मी म्हणाले. “पण मला फार भीती वाटतेय.”